राऊटरचं टोपडं

खांबावरच्या माणसाने खाली बघायला आणि जेलिमोने त्याची शिडी धरायला एकच गाठ पडली.

मंगळवारची दुपार होती. दूध केंद्रावरचं काम उरकून ती काप्सोया वस्तीचा चढ चढत घरी निघाली होती. अंगात केंद्रावरचा पांढरा डगला तसाच होता, पिशवीत दुधातलं पाणी ओळखायचा लॅक्टोमीटर होता आणि डोक्यात राग होता. राग आजचा नव्हता, चांगला दोन महिने मुरलेला होता. वळणावर तिला खांबाला टेकवलेली शिडी दिसली, शिडीवर पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण दिसला, आणि त्याच्या हातात ती दिसली... ती काळी, बारीक, निर्लज्ज वायर. जेलिमोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ओ फुंडी," ती खालून म्हणाली, "जरा इकडे बघा."

केनियातल्या एल्डोरेटमध्ये कुठल्याही कारागिराला फुंडी म्हटलं की तो बघतोच. यानेही बघितलं. शिवाय हसून "चामगे" असा नमस्कारही केला. उच्चार असा, की हा आपल्याकडचा नाही, दूर कुठून तरी कोरड्या मुलखातून आलाय, हे पहिल्या अक्षरालाच कळावं.

"चामगे राहू द्या. तुमच्या कंपनीला मी चौदा वेळा फोन केला. चौदा. दरवेळी एक गोड आवाजाची मुलगी सांगते, राऊटर बंद करा, तीस आकडे मोजा, परत चालू करा. आकडे मोजायची परीक्षा असती ना, तर मी जिल्ह्यात पहिली आले असते. वीसचा वेग देतो म्हणून पैसे घेता आणि टीव्हीवर चित्र आलं की त्याला फेफरं येतं. आमचं चित्र सुरू झाल्याशिवाय तुम्ही खाली उतरायचं नाही."

आणि तिने दोन्ही हातांनी धरलेली शिडी आणखी घट्ट आवळली. शिवाय सर्वांत खालच्या पायरीवर एक पाय रोवला.

वरच्या माणसाने वायर कमरेच्या पट्ट्यात खोचली. भुरभुर पाऊस सुरू झाला होता, त्याच्या हेल्मेटवरून थेंब टपकत होते. मग तो अदबीने म्हणाला, "मॅडम, खाली उतरलो नाही तर तुमच्या घरी येऊ कसा?"

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणि आणखी एक बारीकशी गोष्ट..." तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. जाकिटावर कंपनीचं नाव होतं. मोठ्या अक्षरांत. दुसऱ्याच कंपनीचं.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसरी एखादी असती तर लाजून चूर झाली असती, माफी मागून चालू लागली असती. जेलिमोने मान आणखी ताठ केली. सगळे एकाच माळेचे मणी, नाव बदललं म्हणून गुण बदलत नाहीत, असं तिने त्याला ऐकवलं. शिडी मात्र सोडली नाही.

"बरं," तो म्हणाला, "पण होतं काय नेमकं? चित्र अडकतं, की मुळात येतच नाही? टीव्हीवरच, की फोनवरसुद्धा?"

चौदा फोनांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिचा आवाज एकदम खाली आला. आणि तिथेच, भर रस्त्यात, मान वर करून, तिने एका परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं.

तिची धाकटी बहीण जेरोनो धावायची. आता युरोपात राहून धावायची. तिच्या शर्यती साध्या टीव्हीवर लागत नसत, इंटरनेटवरूनच बघाव्या लागत. दोन महिन्यांपूर्वी तिची अर्धी मॅरेथॉन होती. अठराव्या किलोमीटरला जेरोनो पुढच्या घोळक्यात होती. तिने अचानक बरगडीवर हात दाबला, पाय वाकडा पडला... आणि चित्र थांबलं. पडद्यावर ते गोल चाक फिरू लागलं. चाळीस मिनिटं फिरलं. चित्र परत आलं तेव्हा बक्षीस समारंभ चालू होता आणि जेरोनोचा कुठे पत्ता नव्हता. तिचा फोन लागायला अडीच तास गेले. ती दवाखान्याच्या तंबूत बसून केळं खात होती, पोटात नुसता गोळा आला होता. पण इकडे अडीच तास आईने लेक मेली असंच धरलं होतं. शेजारणींनी तिला जमिनीवर निजवून वारा घातला होता.

तेव्हापासून आईने कानाला खडा लावला. त्या खोक्याकडे मी परत बघणार नाही म्हणाली. येत्या रविवारी सकाळी जेरोनोची पहिली पूर्ण मॅरेथॉन होती आणि आई त्या वेळी चर्चमध्ये जाऊन बसणार होती. तिकडे जेरोनो दर फोनला एकच विचारायची, आई बघणार ना? आणि जेलिमो दर वेळी छातीठोकपणे सांगायची, बघणार.

"मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "तिलाही, आणि आईला न विचारता आईच्या वतीनेही."

"गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत येतो," वरून उत्तर आलं. "मी मुतिंदा. आता शिडी सोडलीत तरी चालेल."

तिने शिडी सोडली तेव्हा तिच्या तळहातांवर गंजाचे लाल पट्टे उमटले होते.

---

गुरुवारी मुतिंदा आला आणि दारातच त्याने पहिली चूक केली.

जेलिमोच्या आईला सगळी वस्ती कोबोत जेलिमो म्हणायची, म्हणजे जेलिमोची आई. तिच्या घरातून उपाशीपोटी कुणी जात नसे. तिने भोपळ्याच्या तुंब्यातून मुर्सिक ओतलं. घरच्या गाईचं दूध, तुंब्याला आतून कोळसा घासून आठवडाभर मुरवलेलं, राखाडी झाक असलेलं, आंबट, घट्ट. लेक परदेशातून जिंकून आली की विमानतळावर तिच्या ओठाला हेच लावतात. मुतिंदाने वास घेतला, पेला बघितला, आणि हात जोडून म्हणाला, "आई, नको. पोटाला सवय नाही. आमच्या मचाकोसला दूध ताजंच पितात."

कोबोत जेलिमोने पेला उचलून आत नेला. जाताना लेकीला नांदी भाषेत म्हणाली, की आंबे खाऊन वाढलेल्याला दुधातलं काय कळणार. मुतिंदा हसला. त्याला तेवढी नांदी कळत होती, असा जेलिमोला दाट संशय आला.

मग त्याने काम सुरू केलं. राऊटर होता दाराजवळच्या काचेच्या कपाटात, कारण बाहेरची वायर तिथून घरात येत होती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली आईच्या गळ्यात. ती मिळाली. कपाटाच्या पुढच्या भागात जेरोनोने जिंकलेले कप होते. शाळेपासूनचे, तेवीस, सगळे पितळेचे नि चांदीच्या मुलाम्याचे, दर शनिवारी पुसलेले. त्यांच्या मागे, पार भिंतीला लागून, राऊटर.

मुतिंदाने आत हात घातला, आणि तसाच थांबला.

"हे... काय आहे?"

"टोपडं," जेलिमो म्हणाली.

"राऊटरला?"

"धूळ बसते."

"अच्छा. मला वाटलं, थंडी वाजते त्याला."

जेलिमोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते टोपडं तिने स्वतः क्रोशाच्या सुईने अकरा संध्याकाळी बसून विणलं होतं. निळ्या-पांढऱ्या लोकरीचं, खाली गोंडे, वर दोन अँटेनांसाठी सशाच्या कानांसारख्या दोन पिशव्या. घरात रेडिओला टोपडं होतं, फ्रिजला होतं, सोफ्याच्या दोन्ही हातांना होतं, साखरेच्या डब्यालासुद्धा होतं. चांगल्या घरात वस्तू उघडीवाघडी ठेवत नाहीत. राऊटर काय सावत्र होता? तिने त्याला हे सगळं एका दमात सुनावलं. त्याने ऐकून घेतलं, आणि बॅगेतून लॅपटॉप काढला.

"तुम्ही दूध मोजता ना? हा माझा लॅक्टोमीटर."

आधी त्याने राऊटरला वायर लावून थेट मोजलं. आकडा आला एकोणीस आणि वर काही. मग वायर काढली, बैठकीच्या त्या टोकाला, टीव्हीजवळ जाऊन बसला आणि हवेतून मोजलं. आकडा आला दोन. परत मोजलं. पावणेदोन.

जेलिमो त्याच्या खांद्यामागे उभी होती. त्याच्या जाकिटाला ओल्या दोराचा आणि साबणाचा वास होता. तो आपल्याला आवडला, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला त्याचाही राग आला.

"म्हणजे काय समजायचं?" तिने विचारलं.

मुतिंदाने जरा शब्द जुळवले. "म्हणजे... दूध चोख येतंय, मॅडम. पाणी तुमच्या घरात पडतंय."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

तो समजावून सांगत राहिला. राऊटर टोपड्यात घामाघूम झालाय. तापला की त्याचं काम मंद होतं, फार तापला की तो एका जागी बसून घेतो. त्यात समोर तेवीस धातूचे कप, लहरी त्यांवर आपटून माघारी फिरतात. तुम्ही हात तर लावून बघा, किती तापलाय.

"मी हात लावणार नाही," जेलिमो म्हणाली. "कंपनीच्या मुलीने निदान आकडे तरी मोजायला लावले. तुम्ही सरळ घरात येऊन माझ्या विणकामावर घसरलात. आता माझ्या बहिणीचे कपही आडवे आले तुम्हाला? तुम्ही सगळे सारखेच. नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी गिऱ्हाईकच चोर."

मुतिंदाने लॅपटॉप मिटला. तो चिडला असता, उलट बोलला असता, तर तिला बरं वाटलं असतं. त्याने बॅगेतून करड्या वायरीचं एक वेटोळं काढून टेबलावर ठेवलं.

"राऊटर कपाटाबाहेर काढा. टोपडं उतरवा. ही वायर राऊटरपासून थेट टीव्हीला लावा, म्हणजे हवेवर भिस्त नको. दोन्हीकडे खटकन बसते, चुकायला जागा नाही." दारात त्याने बूट चढवले. "मला परत बोलवायचीसुद्धा गरज नाही."

हे शेवटचं वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं. तो गेल्यावर ती बराच वेळ कपाटापुढे उभी राहिली. मग कपांच्या मधून हात घालून तिने टोपड्याखाली बोटं सारली आणि झटकन बाहेर ओढली. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या चपातीला हात लागावा तसं झालं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चौदा फोन, एक शिडी, एक परका माणूस... आणि हे सगळं तिच्याच हातच्या टाक्यांखाली.

---

शुक्रवारी सकाळी केंद्रावर म्हातारे आरप सितिएनेई कॅन घेऊन आले. जेलिमोने लॅक्टोमीटर सोडला. डिग्री लागेना. म्हातारा उखडला. चाळीस वर्षं मी दूध घालतोय, तुझ्या जन्माआधीपासून घालतोय, माझ्या दुधात पाणी म्हणतेस? तुझं ते यंत्रच खोटारडं आहे.

"बाबा, यंत्राचं तुमच्याशी काही वैर नाही," जेलिमो नेहमीच्या सवयीने म्हणाली. "रागावू नका. कॅन धुतल्यावर पालथा घातला होता का, तेवढं आठवा."

म्हाताऱ्याने कॅनच्या तळाकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे. "धुतला मीच होता," तो हळूच म्हणाला आणि ओशाळून हसला.

जेलिमो मात्र हसली नाही. तिचे कान गरम झाले होते. म्हाताऱ्याला एवढं सोपं गेलं... आणि मला?

दुपारी तिने डगला काढून ठेवला आणि बोडावाल्याच्या भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसली. कुठे जायचं, त्याने विचारलं.

"खांब दिसतील तिकडे."

तो पोरगा वस्तीभर सांगत सुटणार हे तिला माहीत होतं. एक तरणीताठी बाई मान वर करून एकेक खांब तपासत फिरते आहे, याहून चांगली बातमी काप्सोयाला महिनाभर मिळाली नसती. सातव्या की आठव्या वळणावर, प्राथमिक शाळेच्या भिंतीपाशी, पिवळं हेल्मेट दिसलं. मंगळवारसारखीच भुरभुर चालू होती. ती उतरली, शिडीपाशी गेली, दोन्ही हातांनी धरली, एक पाय पायरीवर रोवला.

"मी आहे," ती म्हणाली. "खाली उतरू नका. मला माफी मागायचीय, ती समोरासमोर जमणार नाही."

वर वायर कापायचा आवाज थांबला.

"मागा," तो म्हणाला.

"हात लावून बघितला. भाजला."

"मग?"

"मग काय. तुमचं बरोबर होतं. पण सांगायची पद्धत चुकीची होती. अकरा संध्याकाळी विणलं होतं मी ते. आणि तुम्ही आईचं मुर्सिक नाही म्हणालात, तेही चुकीचं होतं. आणि परत बोलवायची गरज नाही म्हणालात, ते तर... ते तर फारच चुकीचं होतं."

"ही माफी आहे?" वरून विचारणा झाली. "मला वाटलं, पंधरावी तक्रार."

तिला हसू फुटलं, पण तिने ते वर जाऊ दिलं नाही. पाऊस तिच्या वेण्यांत शिरत होता. मग मुतिंदा एकदम निराळ्याच आवाजात म्हणाला, "एक सांगू? चार वर्षं झाली मी खांबांवर चढतोय. खालून रोज कुणी ना कुणी शिव्या देतं. शिव्यांचं काही वाटत नाही आता. पण ही शिडी डुगडुगते, मंगळवारीही डुगडुगत होती. तुम्ही एवढ्या भांडलात... आणि भांडताना पूर्ण वेळ ती धरून ठेवलीत. पाय रोवून. आजपर्यंत असं भांडलं नव्हतं कुणी माझ्याशी."

जेलिमोने पायरीवरचा पाय आणखी घट्ट रोवला.

"उद्या या," ती म्हणाली. "वायर लावायला."

"खटकन बसते म्हणालो होतो ना? तुम्हालाही जमेल."

"मला जमतं. तरी या."

---

शनिवारी वायर भिंतीच्या कडेकडेने खिळ्यांनी बसवून झाली. राऊटर बाहेर आला. उघडा, पांढरा, केविलवाणा, एका स्टुलावर. आईने कप कुणाला हलवू दिले नाहीत. राऊटर बाहेर आल्यावर ते आपल्या जागी राहिले तरी चालत होतं, हे मुतिंदाने सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा निवळला. रविवारचं मात्र तिने परत सांगितलं, मी चर्चला जाणार.

रविवारी साडेनऊला घर भरलं. शेजारचे, दूध केंद्राचे, जेरोनोच्या शाळेतले मास्तर, पोरंबाळं. कोबोत जेलिमो निळा झगा घालून, भजनांचं पुस्तक आणि पर्स घेऊन बाहेर पडत होती. दाराशी तिची नजर टीव्हीवर गेली. चित्र स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की सुरुवातीच्या रेषेपाशी वाकून बुटाची नाडी बांधणाऱ्या जेरोनोची मान दिसत होती, आणि मानेवरचा लहानपणचा भाजल्याचा डागसुद्धा. आई टेकल्यासारखी खुर्चीच्या कडेला बसली. पर्स मांडीवर तशीच.

"पाच मिनिटं," ती म्हणाली.

पाचाची पंधरा झाली, पंधराची पन्नास. चित्र कुठे अडखळलं नाही. जेलिमो मागे भिंतीला टेकून उभी होती, शेजारी मुतिंदा. गर्दीमुळे त्यांचे दंड एकमेकांना लागत होते, आणि गर्दी थोडी कमी असती तरी ते लागले असते. जेरोनो पुढच्या आठांत होती.

एकतिसाव्या किलोमीटरला तिने बरगडीवर हात दाबला.

आणि चाक फिरू लागलं.

आईने डोळे गच्च मिटले. जेलिमोचा संताप घशापर्यंत आला, पण या वेळी तो कुणावर काढायचा तेच कळेना. मुतिंदा गर्दीतून वाट काढत राऊटरपाशी पोचला, त्यावर हात ठेवला, लॅपटॉप उघडला. परत येऊन तिच्या कानाशी कुजबुजला, "राऊटर थंड आहे. वायर ठीक आहे. पण घरात सदतीस फोन जोडलेत. शेवटचा टप्पा आला तसा जो तो हीच शर्यत आपापल्या फोनवरही लावून बसलाय."

पासवर्ड आईनेच दारामागे खडूने लिहून ठेवला होता. आल्या-गेल्याला पाणी द्यावं तसा तो देत असत. पाहुण्याला फोन बंद करा म्हणायचं म्हणजे ताटावरून उठवण्यासारखं. जेलिमोची जीभ, जी कुठेच अडत नसे, तिथे अडली. चाक फिरत राहिलं.

"काय झालं?" आईने डोळे न उघडता विचारलं.

जेलिमोने सांगितलं.

कोबोत जेलिमो उठली. स्वयंपाकघरात गेली आणि लग्नाकार्यातलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन आली. बैठकीच्या मधोमध उभी राहिली. जेलिमोला तेव्हा समजलं, आपल्या नाकावरचा राग कुणाकडून आलाय ते.

"ज्याला माझी लेक बघायचीय," आई म्हणाली, "त्याने फोन बंद करून यात टाकावा. ज्याला फोन बघायचाय, त्याने रस्त्यावर जाऊन बघावा. मागच्या वेळी मी तिला अडीच तास मेलेली समजून बसले होते. आज नाही बसणार."

पहिला फोन मास्तरांनी टाकला. मग खणखण करत सगळे पडले. चाक एकदा फिरलं, दोनदा फिरलं... आणि रस्ता दिसला. झाडं दिसली. जेरोनो दिसली. हात बरगडीवरून खाली आला होता, ती पाचवी होती, आणि पळत होती.

पुढचे अकरा किलोमीटर आई बसली नाही. जेरोनो चौथी आली. रेषा ओलांडून ती वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून तशीच राहिली. मग ती सरळ झाली, मनगटाच्या मागच्या बाजूने तोंड पुसलं, अगदी घरी चुलीपुढून उठल्यावर पुसायची तसं, आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

"उभी आहे," आई म्हणाली. मग पर्स उघडून रुमाल शोधू लागली. "उभी आहे ती."

---

गर्दी पांगली, फोन ज्याचे त्याला मिळाले. युरोपातून फोन आला आणि आई दहा मिनिटं लेकीला तूच कशी चुकीच्या वेळी पाणी प्यालीस हे ओरडून सांगत राहिली. मग तिने तुंब्यातून दोन पेले भरले. एक जेरोनोच्या नावाने कपांपुढे ठेवला. दुसरा जेलिमोच्या हातात दिला आणि मान मुतिंदाकडे हलवली.

जेलिमोने पेला त्याच्यापुढे धरला. "जबरदस्ती नाही," ती म्हणाली. "पोटाला सवय नसते एखाद्याच्या."

मुतिंदाने तिच्याकडे बघत पेला घेतला आणि एका दमात, डोळे मिटून, तळापर्यंत प्याला. डोळ्यांत पाणी आलं. वरच्या ओठावर कोळशाची करडी रेघ उमटली. दारातून बघणारी आई काही न बोलता आत गेली, पण जाताना गुणगुणत होती.

"कसं आहे?"

"सवय लागेल," तो खोकत म्हणाला. "वेळ लागेल. रोज यावं लागेल बहुतेक."

मग त्याची नजर स्टुलावरच्या राऊटरकडे गेली. "ते टोपडं कुठंय? उगाच बोललो मी. विणलेलं सुरेख होतं."

"उसवलं," जेलिमो म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तिने तो नीट पडू दिला, तेवढा हक्क तिचा होता. मग सोफ्याच्या उशीमागे हात घालून तिने एक टोपी काढली. निळी-पांढरी, क्रोशाची, हेल्मेटखाली बसेल अशी. कान नव्हते. एक छोटा गोंडा मात्र ठेवला होता.

"दोन रात्री जागले," ती म्हणाली. आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता, आणि त्यामुळे तिला तो ओळखू येईना. "खांबावर वारा लागतो. ...घाल."

तो 'घाल' त्याने ऐकला. टोपी हळूच डोक्यावर चढवली, दोन्ही हातांनी चापून बसवली.

"डोकं तापेल हिने," तो म्हणाला. "तापलं की काम मंद होतं, सांगितलं होतं मी तुला."

"माहीत आहे."

"आणि फार तापलं तर—"

"एका जागी बसून घेतो," जेलिमो म्हणाली. "म्हणूनच विणली. बस."

मुतिंदाने बूट काढून ठेवले, आणि टोपी घातलेल्या सोफ्याच्या हातावर हात टाकून, टोपी घातलेल्या रेडिओशेजारी, बसला.